वजने एक झाली, कागद कधी होणार?

१ ऑक्टोबर १९५८ रोजी ह्या देशात दशमान पद्धतीच्या वजनांचा अंमल सुरू झाला. त्यापूर्वी ‘मण’ ह्या एकाच शब्दाने मुंबईत २८ पौंडांचा बोध होई, मद्रासेत २५ पौंडांचा. आणि बंगालमध्ये तोच मण ८२ पौंडांच्याही वर जाई. शेर गावोगाव निराळा. पायलीचे माप तर ओढा ओलांडला की बदलावे. ह्या गोंधळात नुकसान कोणाचे होत असे? ज्याच्या हाती तागडी असे त्याचे खचित नव्हे. ज्याचा माल त्या तागडीत पडे त्याचे. म्हणूनच १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, आणि किलोग्रॅम हे कोणा पेढीचे किंवा कोणा पेठेचे माप न राहता साऱ्या प्रजेचे माप ठरले. नव्या वजनांचा हिशेब डोक्यात बसेना म्हणून त्या काळी कुरकुर झाली. आज त्या कुरकुरीची आठवणही कोणास उरलेली नाही.

योगायोग असा की, बरोबर ६२ वर्षांनी, १ ऑक्टोबर ह्याच तारखेस, २०२० साली दुसऱ्या एका एकीकरणास आरंभ झाला. सामान्य वाचकाचे लक्ष तिकडे फारसे गेले नसावे. त्या दिवसापासून ५०० कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनी दुसऱ्या व्यापाऱ्यास दिलेले प्रत्येक बिल एकाच ठरीव नमुन्यात संगणकाद्वारे सरकारी नोंदणीकेंद्राकडे पाठविणे व त्यावर नोंदणीक्रमांक घेणे सक्तीचे झाले. पुढे ही मर्यादा पायरीपायरीने उतरत गेली. १ जानेवारी २०२१ पासून ती १०० कोटींवर आली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर. ह्यालाच व्यापारी मंडळी ‘ई-इन्व्हॉइस’ म्हणतात. आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, हे एकीकरण अर्ध्या वाटेवर थांबले आहे. आणि जी अर्धी वाट चालावयाची राहिली आहे तिच्यावरच लहान कारखानदाराचा जीव टांगलेला आहे.

आमच्या शिक्षकीच्या दिवसांतील एक विद्यार्थी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वीस-बावीस माणसांचा कारखाना चालवितो. मोठ्या कारखान्यांस लागणारे बुश, पिना, ब्रॅकेट असे लहान सुटे भाग तो करून देतो. मध्यंतरी त्याच्याकडे जाण्याचा योग आला. यंत्रांची निगा आणि कामगारांची शिस्त पाहून मनास समाधान वाटले. नंतर कार्यालयात बसल्यावर त्याने एक शंभर पानी वही आमच्यापुढे ठेवली. त्याच्या सात गिऱ्हाइकांची सात निरनिराळी पोर्टले आहेत, आणि प्रत्येकाची रीत त्या वहीत टिपून ठेवलेली होती. कोणत्या पोर्टलावर आधी दिवस व मग महिना लिहावयाचा आणि कोणत्यावर ह्याच्या उलट. कोठे माल नगांत दाखवावयाचा आणि कोठे किलोत. कोठे चलनाचा क्रमांक मधल्या रेघेसह चालतो आणि कोठे ती रेघ दिसताच बिल परत येते. एक पदवीधर मुलगी दिवसभर हेच काम करते. एकच मजकूर सात ठिकाणी सात तऱ्हांनी भरणे, हीच तिची नोकरी. तो हसून म्हणाला, “सर, माल पाठवायला एक दिवस लागतो, आणि माल पाठवला हे सांगायला दोन.”

परंतु हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हती. त्याचे १० लाखांचे एक बिल अडीच महिने अडकून पडले होते. ऑर्डर नगांत होती, बिलावर वजन किलोत नोंदले गेले, दोहोंचा मेळ बसेना, आणि ‘जीआरएन’, म्हणजे माल पोचल्याची नोंद, निघेना. ज्या मालाची पोच लागत नव्हती तो माल केव्हाच जोडणीला जाऊन त्याच्या गाड्या रस्त्यावर धावू लागल्या होत्या. बँकेचे व्याज शेकडा १२ धरले तरी १० लाखांस महिन्याचे १०,००० रुपये पडतात. अडीच महिन्यांचे २५,००० झाले. ही रक्कम त्याने कोणास उसनी दिली नव्हती. ती त्याच्याकडून न विचारता उसनी घेण्यात आली होती.

ह्या अडचणीचे मूळ समजून घ्यावयाचे तर व्यवहाराचे चार कागद डोळ्यांपुढे आणले पाहिजेत. पहिला कागद गिऱ्हाइकाची ऑर्डर. दुसरा, माल निघाल्याची पुरवठादाराने दिलेली वर्दी. तिसरा, माल मिळाला व पसंत पडला, किंवा अमुक इतका नापसंत झाला, अशी गिऱ्हाइकाने द्यावयाची पोच. चौथा कागद बिलाचा. मोठ्या कारखान्याचा संगणक ऑर्डर, पोच आणि बिल हे तीन कागद एकमेकांवर ठेवून पाहतो. तिन्ही जुळले की पैसे सुटतात, एक अक्षर चुकले की ते थांबतात. ह्यात गैर काहीच नाही; दक्ष कारकून पूर्वी हेच करीत असे. फरक इतकाच की, ‘नग’ आणि ‘पीस’ हे एकच आहेत हे कारकुनास समजत असे, संगणकास ते शिकवावे लागते. तेव्हा हे कागद दोन्ही बाजूंच्या संगणकांना सारखेच कळतील अशा एका ठरीव भाषेत लिहिले गेले पाहिजेत. ह्या भाषेलाच जगात ‘इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज’, थोडक्यात ‘ईडीआय’ म्हणतात.

ही कल्पना कालपरवाची नाही. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएट रशियाने पश्चिम बर्लिनची वाट रोखली, तेव्हा दोस्त राष्ट्रांनी विमानांनी त्या नगरीस अन्न आणि कोळसा पुरविला. सव्वा वर्षात पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि सुमारे २३ लाख टन माल पोचला. निरनिराळ्या देशांचे वैमानिक, निरनिराळ्या नमुन्यांच्या मालयाद्या आणि निरनिराळ्या भाषा, असा तेथे सगळा कोलाहल होता. एडवर्ड गिल्बर्ट नावाच्या एका अमेरिकन लष्करी सार्जंटाने व त्याच्या सहकाऱ्यांनी टेलेक्सवरून किंवा टेलिफोनवरून धाडता येईल असा मालयादीचा एकच नमुना तेथे बसविला. उपाशी शहरास विमानांनी तारले हे सर्वांस ठाऊक असते. त्या विमानांतील गोण्यांचा हिशेब एका साध्या ठरीव यादीने लावला, हे सहसा सांगितले जात नाही. हेच गिल्बर्ट पुढे अमेरिकेतील रेल्वे, मालमोटारी, जहाजे व विमाने ह्यांच्या कंपन्यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या संयुक्त समितीचे अध्वर्यू झाले, आणि १९७५ साली त्या समितीने मालवाहतुकीच्या संदेशांचे पहिले नमुने प्रसिद्ध केले.

पुढील वाटचाल झपाट्याने झाली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकसंस्थेने ‘एक्स-१२’ ही समिती नेमली. तिने प्रत्येक कागदास क्रमांक दिला: ८५० म्हणजे ऑर्डर, ८५६ म्हणजे माल निघाल्याची वर्दी, ८१० म्हणजे बिल, ८२० म्हणजे पैसे दिल्याची सूचना. १९८२ मध्ये अमेरिकेतील मोटारकारखानदारांनी आपली संयुक्त संस्था काढून पुरवठादारांशी बोलावयाची रीत ठरविण्याचे काम हाती घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या आश्रयाने ‘एडिफॅक्ट’ ही जागतिक संहिता तयार झाली, आणि तिच्या व्याकरणास आंतरराष्ट्रीय मानकसंघटनेने १९८७ मध्ये मान्यता दिली. वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे असे ह्यात एक आहे. ह्या दोन्ही संहितांत माल मिळाल्याच्या व स्वीकारल्याच्या पोचेस स्वतंत्र स्थान आहे. एक्स-१२ मध्ये तिचा क्रमांक ८६१ आहे. एडिफॅक्टमध्ये तिला ‘रेकअ‍ॅड्व्ह’ म्हणतात. इतकेच नव्हे, तर आलेला संदेश मिळाला आणि तो वाचता आला, एवढे सांगणारा ९९७ क्रमांकाचा एक लहानसा संदेशही एक्स-१२ मध्ये आहे. ज्या कोणी ही संहिता रचली त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. ‘तुमचे बिल आम्हांस मिळालेच नाही’ हे जगातील सर्वांत जुने उत्तर आहे, आणि त्या उत्तराची सोय त्यांनी आधीच मोडून ठेवली.

असे असता भोसरीच्या त्या वहीची गरज का पडावी? कारण दोन. पहिले असे की, प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाने प्रमाण भाषा घेतली आणि तीत आपल्या घरची बोली मिसळली. संहितेने ज्या जागा ऐच्छिक ठेवल्या होत्या त्या एकाने सक्तीच्या केल्या, दुसऱ्याने गाळल्या, तिसऱ्याने त्यांचा अर्थच बदलला. प्रत्येकाची मार्गदर्शक पुस्तिका निराळी निघाली, आणि प्रमाण हे नावापुरते उरले. दुसरे कारण खर्चाचे. हे संदेश वाहून नेणारी खाजगी जाळी, संगणकास त्यांची भाषा शिकविणारे तंत्रज्ञ आणि दर गिऱ्हाइकामागे करावी लागणारी नवी जुळवणी हे वीस माणसांच्या कारखान्यास झेपणारे नव्हते. म्हणून मोठ्यांनी लहानांसाठी पोर्टल नावाची खिडकी उघडली, आणि तिला सोय असे नाव दिले.

ही सोय कोणाची, हे एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. ईडीआयचा सारा हेतू असा होता की, एकदा लिहिलेला मजकूर पुन्हा कोणीही हाताने लिहू नये. पोर्टलाने हे श्रम नाहीसे केले नाहीत. ते एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकवले. ऑर्डर गिऱ्हाइकाच्या संगणकात असते. ती पाहून पुरवठादाराचा माणूस वर्दी आणि बिल पुन्हा त्याच संगणकात हाताने भरतो. म्हणजे लहान कारखान्याच्या पगारावरचा माणूस मोठ्या कारखान्याच्या हिशेबखात्यात बिनपगारी कारकुनी करतो. त्यात जी चूक होते तिचा दंडही लहानासच. जुन्या बाजारातील तागडी निदान दोघांच्या मध्ये टांगलेली असे. ही तागडी तर एकाच्याच घरात आहे, आणि दुसऱ्यास तिचा काटा खिडकीतून पाहावा लागतो.

इतर देशांनी ह्यातून वाट शोधली नाही असे नाही. खुल्या भाषेतील व्यापारी कागदांची ‘यूबीएल’ ही मांडणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २०१५ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २००८ मध्ये युरोपात ‘पेपॉल’ ही योजना सुरू झाली. तिचे तत्त्व टपालखात्याचे आहे. आपण आपल्या गावच्या टपालकचेरीत पत्र टाकतो. ज्याला ते जावयाचे त्याच्या गावची कचेरी ते पोचविते. दोघांची कचेरी एकच असावी लागत नाही आणि प्रत्येक मित्रासाठी निराळा लखोटा घ्यावा लागत नाही. लहान दुकानदार कोणत्याही एका मान्यताप्राप्त केंद्राशी जोडून घेतो आणि तेथून साऱ्यांशी बोलतो. सिंगापूरने हे जाळे २०१९ मध्ये आपलेसे केले. बेल्जियमने १ जानेवारी २०२६ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील बिले ह्या पद्धतीने देणे सक्तीचे केले आहे. पेपॉलमध्ये बिलाप्रमाणेच ऑर्डर आणि वर्दी ह्यांचेही नमुने आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता आपल्या देशाकडे वळू. ई-इन्व्हॉइसच्या योजनेने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे. निरनिराळे उद्योग, निरनिराळ्या संगणकप्रणाल्या आणि कोट्यवधी बिले असली तरी शासनाने मनावर घेतल्यास साऱ्या देशास एका नमुन्यात बिल लिहावयास लावता येते. प्रत्येक बिलास ६४ अक्षरांचा नोंदणीक्रमांक मिळतो. त्यावरील चौकोनी खूण कोणीही तपासू शकतो. तेच बिल दुसऱ्यांदा नोंदविता येत नाही. ज्यांनी हे अशक्य म्हटले होते त्यांना उत्तर मिळाले. परंतु शासनाने चार कागदांपैकी नेमका चौथाच का उचलला? कारण खजिन्याचा संबंध बिलाशी येतो. कर बिलावर बसतो, ऑर्डरीवर किंवा पोचेवर नव्हे. ह्याबद्दल आम्ही शासनास दोष देत नाही. कर वसूल करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, खजिन्याचे काम जेथे संपते तेथे प्रजेचे काम संपत नाही.

कारण त्याच शासनाने लहान उद्योजकास दुसरे एक वचन दिलेले आहे. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्याच्या १५ व्या कलमाने असे ठरविले आहे की, सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजेत, आणि ती मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांहून अधिक असता कामा नये. त्यापुढील कलमान्वये उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्यास चक्रवाढ, असे व्याज लागते. ‘स्वीकारल्याचा दिवस’ म्हणजे कोणता, हेही कायद्याने मोघम ठेवलेले नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानावयाचे आहे. त्याही पुढे जाऊन २०२३ च्या वित्त कायद्याने, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून वजा मिळणार नाही, असा निर्बंध १ एप्रिल २०२४ पासून घातला. कायद्याच्या अक्षरांत काही उणे आहे असे कोणासही म्हणता येणार नाही.

उणे आहे ते पुराव्यात. माल अमुक दिवशी पोचला, ह्याची दोघांनाही मान्य अशी नोंद कोठे आहे? फाटकावरील पहारेकऱ्याने चलनाच्या प्रतीवर मारलेला अंधुक शिक्का, एवढाच लहान कारखानदाराचा पुरावा असतो. खरी पोच गिऱ्हाइकाच्या संगणकात, त्याला सवड होईल तेव्हा उमटते. आणि पुष्कळ ठिकाणी ४५ दिवसांचे घड्याळ त्या दिवसापासून सुरू झालेले धरतात. घड्याळ ज्याच्या घरात, किल्ली ज्याच्या हातात, त्याच्याकडे वेळ विचारावयास जाणाऱ्याने काय करावे? तो कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे दाद मागू शकतो हे खरे. परंतु जो एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर निम्मा कारखाना चालवितो तो दाद मागून पुढची ऑर्डर गमावील, की गप्प बसून पंचवीस हजार सोसील, ह्याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

येथे एक विसंगती दाखविल्यावाचून आमच्याने राहवत नाही. गिऱ्हाइकास खरेदीवरील कराची वजावट हवी असेल तर त्यास तो माल मिळालेला असला पाहिजे, अशी वस्तू व सेवा कराच्या कायद्यातच अट आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सरकारी यंत्रणेत त्यासाठी एक निराळे दालनही उघडले आहे. तेथे पुरवठादाराचे प्रत्येक बिल गिऱ्हाइकापुढे येते. ते मान्य करावे, अमान्य करावे किंवा तूर्त बाजूस ठेवावे. आणि काहीच केले नाही तर ते मान्य झाले असे समजले जाते. म्हणजे खजिन्यातून वजावट घेताना माल मिळालेला असतो, बिलही मान्य असते. आणि त्याच बिलाचे पैसे देण्याची वेळ आली की तोच माल ‘तपासणीखाली’ जातो. माल मिळणे आणि माल पसंत पडणे ह्यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्या फरकासाठी कायद्याने १५ दिवस दिलेले आहेत. अडीच महिने दिलेले नाहीत.

लहान उद्योजकास बिलावर लवकर पैसे मिळावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ‘ट्रेड्स’ ह्या यंत्रणेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीत बिल लिलावास मांडता येते, बँका बोली करतात, आणि पैसे ताबडतोब हाती पडतात. योजना नामी आहे. परंतु तिचे दारही त्याच एका किल्लीने उघडते: गिऱ्हाइकाने बिल मान्य केले पाहिजे. पोच नसेल तर मान्यता नाही, मान्यता नसेल तर बोली नाही. मोठ्या कंपन्यांनी ट्रेड्सवर नाव नोंदविणे शासनाने सक्तीचे केले. पण नाव नोंदविणे निराळे आणि बिल वेळेवर मान्य करणे निराळे. चांगल्या चांगल्या तीन व्यवस्था आहेत: कायदा, करयंत्रणा आणि पतपुरवठा. तिन्ही येऊन एकाच न लिहिलेल्या कागदापाशी अडतात. तो कागद म्हणजे तारखेसह दिलेली पोच.

ह्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, प्रत्येक उद्योगाची गरज निराळी. एकच नमुना लादला तर साऱ्यांचे हात बांधले जातील. आम्ही काही वर्षे शाळेत भाषा शिकविली आहे. व्याकरणाने कवीचे तोंड बांधल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वाक्यात कर्ता कोठे, क्रियापद कोठे हे ठरल्याने काय बोलावे ह्यावर बंधन येत नाही. उलट बोललेले दुसऱ्यास कळते. ऑर्डरीत तारीख कोणत्या क्रमाने लिहावी, परिमाण कोणत्या संकेताने दाखवावे, पोचेत कोणत्या आठ-दहा गोष्टी असल्याच पाहिजेत, हे ठरविल्याने कोणाचे यंत्र बंद पडणार आहे? उरलेल्या गोष्टी ज्याने त्याने खुशाल आपापल्या रीतीने लिहाव्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याची थट्टा करता येणार नाही. ऑर्डरी आणि पोचा सरकारी यंत्रणेतून जाऊ लागल्या तर प्रत्येकाचे भाव, गिऱ्हाइके आणि उत्पादनाचे बेत सरकारदरबारी उघडे पडतील, ही भीती रास्त आहे. परंतु नमुना ठरविणे आणि कागद वाचणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. वजनमापखात्याचा अधिकारी वजनावर शिक्का मारतो. तो दुकानात बसून कोणी किती साखर नेली हे लिहीत नाही. शासनाने नमुना प्रसिद्ध करावा, संदेश वाहणाऱ्या केंद्रांस परवाना द्यावा, आणि मधून बाजूस व्हावे. बिलासाठी त्याने जी मधली जागा घेतली ती करासाठी होती. पोचेसाठी तिची आवश्यकता नाही.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. नमुन्याने नियत सुधारत नाही. किलोग्रॅम आला म्हणून मापात पाप करणारे संपले नाहीत. परंतु किलोग्रॅम आल्यानंतर पाप हे पाप म्हणून दाखविता येऊ लागले. तोवर ‘आमच्याकडचा शेर असाच’ एवढे म्हटले की भागत असे. आज ‘आमची सिस्टीम तशीच आहे’ हे वाक्य त्याच शेराचा अवतार आहे.

तेव्हा आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बिलाप्रमाणे ऑर्डर, माल निघाल्याची वर्दी, स्वीकृतीची पोच आणि पैसे दिल्याची सूचना ह्या चार संदेशांचे खुले व विनामूल्य नमुने केंद्र शासनाने प्रसिद्ध करावेत. ते नव्याने शोधून काढण्याची गरज नाही, संयुक्त राष्ट्रांच्या संहितेत आणि यूबीएलमध्ये ते घडवून ठेवलेले आहेत. विशिष्ट उलाढालीवरील प्रत्येक गिऱ्हाइकाने ह्या नमुन्यातील संदेश स्वीकारलाच पाहिजे, असा नियम व्हावा. पोर्टल ठेवावयाचे असेल तर खुशाल ठेवावे, पण पोर्टल हा एकमेव दरवाजा नसावा. माल फाटकातून आत गेला की त्याच दिवशी पुरवठादारास तारखेचा संदेश मिळावा, आणि १५ दिवसांत हरकतीचा संदेश न आल्यास ४५ दिवसांचे घड्याळ आपोआप चालू झालेले धरावे. हा नवा कायदा नव्हे, असलेल्या कायद्याचा अंमल आहे. आणि ह्याचा पहिला धडा शासनाने स्वतः गिरवावा. शासकीय खरेदीसाठी २०१६ मध्ये निघालेल्या ‘जेम’ ह्या बाजारपेठेवर माल स्वीकारल्याचा दाखला देण्यास १० दिवसांची मुदत घातलेलीच आहे. जी शिस्त सरकारी कचेऱ्यांस लावता येते ती मोटारींच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांस लावता येणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली तेव्हा धोरण असे होते की, जमीन, रस्ता, पाणी आणि वीज ह्यांची तजवीज सर्वांसाठी एकत्र करावी. प्रत्येक कारखानदाराने आपला रस्ता आपण बांधू नये. त्या धोरणावर पिंपरी-चिंचवड उभे राहिले आणि चाकण वाढले. कागदाचा रस्ता हाही त्याच जातीचा आहे. आज प्रत्येक मोठ्या कारखान्याने आपापला खाजगी रस्ता बांधून त्यावर आपापले फाटक बसविले आहे, आणि लहान कारखानदार सात फाटकांपाशी सात निरनिराळे परवाने दाखवीत उभा आहे. ह्या नगरीतील मोठ्या उद्योगांनी मनात आणले तर कायद्याची वाट न पाहता ते एकत्र बसून निदान पोचेचा एक नमुना ह्या वर्षातच ठरवू शकतील. त्यात त्यांचेही हित आहे. ज्याचे पैसे वेळेवर मिळतात तो पुरवठादार मालही वेळेवर देतो, आणि उशिराच्या भीतीने भावात वाढवून धरलेले चार पैसे कमी करतो.

सुशिक्षित वाचकांपैकी पुष्कळांस हा विषय रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. वजनमापांचा विषयही १९५८ साली असाच रुक्ष वाटला असेल. परंतु ज्यांची मुले अभियांत्रिकी शिकून स्वतःचा लहानसा कारखाना काढण्याची स्वप्ने पाहत आहेत, त्यांच्या घरचा हा प्रश्न आहे. त्या मुलांस आपण भांडवल देऊ, धीर देऊ, बाप्पाच्या पायांशी पहिली ऑर्डरही ठेवू. त्यांनी घडविलेला माल ज्या तागडीत पडणार ती तागडी दोघांच्या मध्ये टांगलेली असावी, एवढी व्यवस्था करून देणे हे मात्र समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ते आता आणखी लांबणीवर टाकता कामा नये.